सैल खुंटी

वाद्याचा सूर कानाला कळतो. परंतु तो सूर ज्या आधारावर उभा असतो तो आधार क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतो. तंबोरा उत्तम लागला म्हणजे आपण गवयाचें कौतुक करतों, फार तर तो तंबोरा करणाऱ्या मिरजेच्या कारागिराचें. पण ज्या चार खुंट्यांनीं त्या चार तारा धरून ठेविलेल्या असतात, त्यांची आठवण आपणांस खुंटी सरकली म्हणजेच होते. आधाराचें हें प्राक्तनच आहे कीं, तो डळमळल्याखेरीज त्याचें नांव कोणी घेत नाहीं. माणसामाणसांतील विश्वासाचेंही असेंच आहे. या लेखांत मला त्या विश्वासाविषयींच लिहावयाचें आहे. परंतु तो विषय ज्या वाटेनें माझ्या मनांत शिरला, ती वाट एका जुन्या पियानोच्या खुंट्यांवरून जाते, आणि म्हणून वाचकांना प्रथम त्या वाटेनें नेणें मला भाग आहे.

पियानो बाहेरून पाहणारास एखाद्या दिवाणखान्यांतील कपाटासारखा शांत व सुखवस्तु दिसतो. सुमारें १७०० सालीं फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें त्याला जन्म दिला, तेव्हां तो खरोखरच बराच नाजूक होता. पुढें त्याचा आवाज मोठा व्हावा म्हणून तारा जाड होत गेल्या, ताण वाढत गेला, आणि तो ताण लाकडी चौकटीस सोसेना. म्हणून १८२५ सालीं बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनें एकसंध ओतीव लोखंडी सांगाड्याचें पेटंट घेतलें. आणि कालांतरानें असा सांगाडा सर्वत्र रूढ झाला. आजच्या पियानोंत ८८ पट्ट्या असतात व तारा सुमारें २३०. कारण खर्जाच्या सुरास एकेक जाड तार पुरते, तर मधल्या व वरच्या सुरांस दोन-दोन, तीन-तीन लागतात. प्रत्येक तार साधारणपणें ७० ते ८० किलो वजन टांगल्याइतक्या जोरानें ओढलेली असते. साऱ्यांची बेरीज केली तर तो ताण सोळा ते वीस टनांच्या घरांत जातो. कोपऱ्यांत निमूटपणें उभ्या असलेल्या त्या कपाटाच्या पोटांत एवढें ओढाताणीचें युद्ध रात्रंदिवस चाललेलें असतें, हें ऐकून प्रथम मला आश्चर्य वाटलें होतें.

पण त्याहून मोठें आश्चर्य पुढेंच आहे. एवढा ताण सहन करण्यास लोखंडी सांगाडा आहे हें खरें. परंतु प्रत्येक तारेचें एक टोंक ज्या पोलादी खुंटीस गुंडाळलेलें असतें, ती खुंटी लोखंडानें धरलेली नसते. सुमारें सात मिलिमीटर जाडीची व सहा सेंटिमीटर लांबीची ती खुंटी सांगाड्याच्या भोकांतून आरपार जाऊन मागच्या एका जाड लाकडी फळींत ठोकलेली असते. ही फळी मेपल किंवा बीच यांसारख्या कठीण लाकडाचे थर एकमेकांवर आडवेउभे चिकटवून केलेली असते, आणि तींतील छिद्र खुंटीच्या जाडीहून अगदीं किंचित् लहान ठेविलेलें असतें. तेथें ना चाकी, ना पाचर, ना कुलूप. लाकडानें पोलादाला मारलेली मिठी, एवढाच काय तो बंदोबस्त! वीस टनांचा तो सारा डोलारा अखेर या मिठीवर विसंबून असतो.

या मिठीला दोन रोग जडतात. पहिला सैलपणाचा. लाकूड पावसाळ्यांत फुगतें, कोरड्या दिवसांत आकसतें. वर्षानुवर्षें हें चालतें, आणि त्यांतच सूर लावणारा किल्लीनें खुंटी पुनःपुन्हां पिळीत असतो. छिद्राच्या कडेचे तंतु दबत जातात, झिजत जातात, आणि मग एक दिवस असा येतो कीं, लावलेला सूर शेजारचा सूर लावून होईपर्यंतही टिकत नाहीं. दुसरा रोग याच्या उलट. छिद्र फार आवळ असलें किंवा दमटपणानें खुंटी गंजली, म्हणजे ती हलतच नाहीं. जोर वाढवावा तों वाढवावा, आणि मग ती एकाएकीं कट्‌कन् उडी मारून सुराच्या पलीकडे जाऊन बसते. स्थिर वस्तूला हलविण्यास जेवढें बळ लागतें त्याहून हलती वस्तु हलती ठेवण्यास कमी लागतें, हा पदार्थविज्ञानांतील साधा नियम. पण त्या नियमानें ट्यूनर लोकांना किती छळलें असेल! शिवाय खुंटी पोलादाची असली तरी पिळवटते. वरचें डोकें फिरतें, लाकडांत रुतलेलें टोंक जागचें हलत नाहीं, आणि किल्ली सोडतांच डोकें मुकाट्यानें मागें येतें. म्हणून जाणता ट्यूनर सूर जुळला एवढ्यावर समाधान मानीत नाहीं. तो किंचित् वर जाऊन अलगद खालीं येतो, आणि खुंटीचें डोकें व टोंक हीं दोन्ही एकाच निश्चयावर आलीं आहेत याची खात्री करून घेतो.

हें ज्ञान डोळ्यांचें नव्हे, हाताचें आहे. पॅरिसच्या अंध विद्यार्थ्यांच्या संस्थेंत वाढलेला क्लोद मोंताल हा स्वतः अंध होता. तरी त्यानें ही विद्या हस्तगत केली, १८३६ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्यामागून युरोपांतील कित्येक अंधांना या व्यवसायानें सन्मानाची भाकर दिली. खुंटी सैल आहे कीं घट्ट, कीं नुसती घट्ट असल्याचें सोंग करीत आहे, हें किल्लीच्या दांड्यावरील बोटांना कळतें. बाहेरून पाहणारास तें मुळींच कळत नाहीं. आणि माझ्या कथेचें मर्म याच ठिकाणीं आहे.

माझ्या घरीं एक जुना इंग्रजी बनावटीचा उभा पियानो होता. माझी पत्नी लहानपणीं पुण्याच्या कँपांतील शाळेंत हें वाद्य शिकली होती, आणि लग्नानंतर पुष्कळ वर्षांनीं, परदेशीं निघालेल्या एका पारशी कुटुंबाकडून आम्हीं तो विकत घेतला होता. ती गेल्यावर चार वर्षें त्याचें झांकण कोणी उघडलें नाहीं. पुढें मला मोठें घर सोडून लहान घरांत जावें लागलें आणि पियानो विकण्याची वेळ आली. त्याकरितां मीं एका ट्यूनरला बोलाविलें. हे गृहस्थ मूळचे गोव्याचे, वयानें सत्तरीच्या पुढचे, आणि मुंबईंत त्यांची उभी हयात याच धंद्यांत गेलेली. त्यांनीं पुढची फळी काढली, किल्ली एका खुंटीवर चढविली, दुसरीवर चढविली, दहावीवर चढविली, आणि मग किल्ली खालीं ठेवून ते मला म्हणाले, "साहेब, सूर लावून देतों. पण ह्या खुंट्यांत दम राहिलेला नाहीं."

मग त्यांनीं मला सारे उपाय समजावून सांगितले. खुंटी हातोडीनें थोडी आणखी आंत ठोकतां येते. पण एक तर जागा फार थोडी उरते, आणि दुसरें म्हणजे तो इलाज फार दिवस पुरत नाहीं. छिद्रांत कागदाची किंवा पातळ लाकडाची नळी सरकवून खुंटी पुन्हां ठोकतां येते. खुंटी काढून तिच्या जागीं एक माप जाड खुंटी बसवितां येते. हें काम नीट, पण वेळखाऊ, आणि जुन्या तारा त्यांत तुटण्याचें भय. छिद्र बुजवून नवें पाडतां येतें. आणि सर्वांत खरा इलाज म्हणजे सगळीं तारकामें उतरवून फळीच नवी घालणें. परंतु त्यास माझ्या पियानोच्या किमतीच्या कित्येक पट खर्च आला असता. पूर्वी कोणी कोणी ग्लिसरिन व मद्यार्क यांचें मिश्रण छिद्रांत सोडून लाकूड फुगवीत. तें त्यांना मुळींच पसंत नव्हतें. त्यानें आज काम भागतें, पण लाकूड कायमचें ओशट होतें आणि उद्यां येणाऱ्या कारागिराची वाट बंद होते, असें त्यांचें म्हणणें. हल्लींचा स्वस्त उपाय म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट नांवाचा पाण्यासारखा पातळ गोंद. १९४२ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या नेमदर्शकाकरितां पारदर्शक पदार्थ शोधतांना तो सांपडला, १९५८ सालीं बाजारांत आला, आणि गेल्या कांहीं दशकांत पियानोच्या खुंट्यांपर्यंत येऊन पोंचला. तो खुंटीच्या बुडाशीं थेंब थेंब सोडतात; तो लाकडांत झिरपतो, वाळतो, आणि छिद्र पुन्हां आवळ होतें.

मीं अर्थातच गोंदाचा उपाय पत्करला. त्या वेळीं जुलै महिना होता. ट्यूनर म्हणाले, "घाई नसेल तर थंडींत बघूं. पावसांत लाकूड फुगलेलं असतं. तेव्हां सैल खुंटीसुद्धां खोटं बोलते. जानेवारींत लाकूड खरं काय तें सांगेल." मला घाई होती. पियानो पाठीवर निजविण्यांत आला, गोंद सोडला गेला, आणि ज्या सहा खुंट्यांना गोंदानेंही धीर येईना त्यांच्या जागीं जाड खुंट्या बसविल्या गेल्या. दोन दिवसांनीं सूर लागला आणि वाद्य गाऊं लागलें. निघतांना त्या वृद्धानें पेन्सिलीनें आंतल्या बाजूस तारीख, कोणत्या भागांतील खुंट्यांना गोंद दिला, कोणत्या बदलल्या, हें बारीक अक्षरांत लिहून ठेविलें. मीं विचारलें, हें कशासाठीं? ते म्हणाले, "पुढच्या माणसासाठीं."

ऑगस्टमध्यें एक तरुण शिक्षिका पियानो पाहावयास आली. ती उपनगरांत मुलांना संगीत शिकवीत असे, आणि इतके दिवस दुसऱ्यांच्या घरीं जाऊन शिकविणें सोडून आतां आपल्या घरींच वर्ग काढावा, एवढ्यासाठीं तिनें पैसे साठविले होते. तिनें उभ्यानेंच कांहीं स्वर वाजविले, मग बसून एक लहानशी चीज वाजविली, आणि माझ्याकडे वळून हंसत म्हणाली, "काका, इतका जुना असून सूर काय सुंदर धरलाय यानं!" मीं मान हालविली.

तेवढेंच. मीं एक शब्दही खोटा बोललों नाहीं. तिनें मागितलेल्या किमतींत थोडी सूट दिली, हमालांना चहा पाजला, आणि पियानो गेला. आपण एक चांगलें वाद्य चांगल्या हातीं दिलें, अशी मीं स्वतःची समजूत घातली. आणि ती समजूत, एका सैल खुंटीप्रमाणें, त्या रात्रीपुरती टिकलीसुद्धां.

नीतिशास्त्राचा प्रश्न येथून सुरू होतो. माझ्या एका वकील स्नेह्याला हें मीं सांगितलें तेव्हां त्यानें मला निर्दोष ठरविण्यास पांच मिनिटेंही घेतलीं नाहींत. तो म्हणाला, जुनी वस्तु विकत घेणारानें ती पारखून घ्यावी; तिनें स्वतःचा ट्यूनर कां आणला नाहीं? भारतीय करार कायद्याच्या १८७२ पासून चालत आलेल्या सतराव्या कलमाच्या खुलाशांत नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे असेंच म्हटलें आहे. त्या कलमाखालीं घोड्याचें उदाहरण आहे: आपला घोडा रोगी आहे हें ठाऊक असूनही एकानें तो लिलावांत विकला आणि तोंडांतून अक्षर काढलें नाहीं, तर तें कपट होत नाहीं. माझा स्नेही येथें थांबला. घरीं येऊन मीं तें कलम स्वतः वाचलें, तेव्हां त्या घोड्याची कथा तेथें संपत नाहीं असें मला दिसलें. घेणारी जर विकणाराची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळें सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारानें जर म्हटलें कीं, तुम्ही नाहीं म्हणालां नाहीं तर मी घोडा निरोगी समजेन, तर विकणाराचें मौन हें बोलण्यासारखेंच होतें. त्या शिक्षिकेनें अशी अट घातली नव्हती हें खरें. पण तिनें आपली समजूत उच्चारून दाखविली होती, आणि माझ्या मानेनें तिला होकार दिला होता. मान हालविणें हें मौन आहे कीं भाषण आहे, हें कायद्यानें काय ठरवावयाचें तें ठरवावें. माझ्या मनानें तें केव्हांच ठरविलें होतें.

हा वाद नवा नाहीं. इ. स. पूर्व ४४ मध्यें रोमच्या सिसेरोनें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत त्यानें दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा याच प्रश्नावरील मतभेद मांडला आहे. एक मनुष्य घर विकतो. घराचें लाकूड निकृष्ट आहे, तें ढासळण्याच्या बेतांत आहे, आणि हें धन्याखेरीज कोणासही ठाऊक नाहीं. बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, त्यानें घर घ्या असें म्हटलें, घर उत्तम आहे असें म्हटलें नाहीं. न सांगणें निराळें आणि लपविणें निराळें. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, वाट चुकणाऱ्याला वाट न दाखविणें हें जर पाप, तर जाणूनबुजून त्याला चुकीच्या वाटेवर जाऊं देणें हें त्याहून मोठें पाप. सिसेरो शिष्याच्या बाजूनें निकाल देतो. त्याच्या मतें प्रत्येक न-सांगणें हें लपविणें नव्हे. परंतु जें आपणांस ठाऊक आहे तें दुसऱ्यास कळण्यांत त्याचें हित आहे, आणि तें त्याला कळूं नये अशी इच्छा आपण केवळ आपल्या लाभासाठीं धरतों, तेव्हां तें लपविणेंच होय. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचें तें कुजकें लाकूड माझ्या पियानोच्या फळीशीं इतकें नातें सांगेल असें मला स्वप्नांतही वाटलें नव्हतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाहीं. सारें जग थोड्याबहुत डागडुजीवर चाललें आहे. सारेंच सत्य सर्व वेळीं सांगत बसलें तर कोणाचाच व्यवहार होणार नाहीं. खुद्द पियानोचा सूरच पाहा ना! त्याचे बारा स्वर समान अंतरावर बसावेत म्हणून प्रत्येक पंचम शुद्ध पंचमाहून अर्ध्या स्वराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्यानें उतरवून लावावा लागतो, आणि गंधार तर अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा राहतो. अष्टक सोडलें तर त्यांतील एकही अंतर निखालस शुद्ध नाहीं. याच कारणास्तव आपल्या संगीतज्ञांनीं पेटीवर रोष धरला, आणि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या दारांत मज्जावही केला होता. तो पुढें पुष्कळ वर्षांनीं सैल झाला. तर मग जें वाद्य मुळांतच तडजोडीवर उभें आहे, त्याच्या सैल खुंट्यांविषयीं एवढा गहजब कां?

याचें उत्तर मला असें दिसतें: तडजोड आणि फसवणूक यांत असत्याचें प्रमाण कमीअधिक असतें असें नव्हे, त्यांची जातच निराळी आहे. पियानोचा चढा गंधार सर्वांस ठाऊक आहे. वाद्य करणारा, लावणारा, वाजविणारा आणि ऐकणारा या साऱ्यांच्या देखत तो चढा ठेविला जातो, आणि त्याच्या मोबदल्यांत कोणत्याही पट्टींत वाजविण्याची मोकळीक सर्वांस मिळते. तोटा सर्वांचा, लाभही सर्वांचा. माझ्या गोंदाचें तसें नव्हतें. त्याचा लाभ माझा होता आणि तोटा तिचा. आणि हें सारें तिला ठाऊक नसण्यावरच अवलंबून होतें. जी तडजोड उजेडांत टिकत नाहीं तिला तडजोड म्हणूं नये.

म्हणून गोंदालाही मी दोष देत नाहीं. एखाद्या गरीब घरांतील मुलाला चार वर्षें शिकावयास मिळावें म्हणून मोडका पियानो गोंदानें उभा केला, तर तें पुण्यकर्म आहे. तेथें नव्या फळीचा आग्रह धरणारा कारागीर त्या दुसऱ्या रोगानें पछाडलेल्या खुंटीसारखा होय. तो तत्त्वाला इतका आवळून धरतो कीं सुराच्या जवळ येऊंच शकत नाहीं. सत्यवादित्वालाही असा ताठरपणा जडूं शकतो. दिसेल तें व्यंग दिसेल त्याच्या तोंडावर सांगत सुटणारा मनुष्य प्रामाणिक असेल, पण त्याला सत्याचें माप कळलेलें नसतें. तें माप मला असें वाटतें: दुसरा मनुष्य ज्या गोष्टीचा निर्णय करावयास आपल्यासमोर उभा आहे, त्या निर्णयाला लागणारी माहिती ही त्याची मालमत्ता आहे. ती आपल्या खिशांत राहिली तर आपण परक्याचें धन दाबून ठेविलें असें होतें. त्या मुलीला माझ्या पत्नीच्या आजाराची, माझ्या कर्जाची, किंवा पियानोच्या पायाशीं गेलेल्या टवक्याची हकीकत सांगण्याचें मला कारण नव्हतें. पण खुंट्यांची हकीकत तिची होती. तिनें साठविलेला प्रत्येक रुपया त्या हकीकतीवर हक्क सांगत होता. दुरुस्ती तीच, गोंद तोच, किंमतही कदाचित् तीच राहिली असती. "गोंद दिला आहे" या तीन शब्दांनीं तिची फसवणूक टळली असती.

तो वृद्ध ट्यूनर हें जाणत होता. धंद्याची नीति त्यानें कोठल्या ग्रंथांत वाचली नव्हती. परंतु दुरुस्तीचीं तीन ऋणें त्यानें फेडलीं होतीं. मालकाला त्यानें रोग स्पष्ट सांगितला. वस्तूला त्यानें असें औषध दिलें नाहीं कीं ज्यानें पुढचा इलाजच अशक्य व्हावा. आणि ज्याला त्यानें कधीं पाहिलें नव्हतें, कदाचित् पाहणारही नव्हता, अशा पुढच्या कारागिरासाठीं त्यानें पेन्सिलीच्या दोन ओळी लिहून ठेविल्या. त्या ओळी पियानोबरोबर तिच्या घरीं गेल्या. मला जें सांगतां आलें नाहीं तें तो लाकडावर लिहून गेला होता. आणि माझें मौन व त्याचें सत्य हीं एकाच झांकणाखालीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

धर्मराजाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. अश्वत्थाम्याविषयीं त्यानें जें सांगितलें त्यांतील शब्दन् शब्द, अक्षरशः पाहिलें तर, खरा होता. तरी जमिनीपासून चार बोटें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं खालीं टेकला. लहानपणीं मला वाटे, एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा कां? आतां मला वाटतें, ती शिक्षा नव्हतीच. ज्याच्या शब्दावर शत्रूनेंही विसंबावें अशा माणसाचा शब्द सैल झाला, आणि रथ सर्वांच्या रथांसारखा चालूं लागला, एवढेंच काय तें झालें.

दुसऱ्या वर्षीं फेब्रुवारींत ती शिक्षिका माझ्याकडे आली. वर्गांतील उकाड्यामुळें तिनें खोलींत थंड हवेचें यंत्र बसविलें होतें. कोरड्या हवेंत लाकूड आकसलें आणि मधल्या सप्तकांतील बऱ्याच खुंट्या एकदम सुटल्या. तिनें बोलाविलेल्या ट्यूनरनें झांकण उघडून ती पेन्सिलीची नोंद वाचून दाखविली. ती भांडावयास आली नव्हती. तिनें फक्त विचारलें, "काका, तुम्हांला हें ठाऊक होतं?" या वेळीं मीं मान हालविली नाहीं, "होतं," असें तोंडानें म्हणालों.

मीं पैसे परत करण्यास निघालों. पण मुलें शिकत होतीं, तिला पियानो परत द्यावयाचा नव्हता. अखेर चाळीसएक खुंट्या काढून जाड खुंट्या बसविण्याचा खर्च मीं द्यावा असें ठरलें. तें काम चाललें असतां मी एक दिवस तिच्या घरीं जाऊन बसलों. जुनी खुंटी उलट पिळून बाहेर येई, तारेचें वेटोळें जपून बाजूला धरलें जाई, आणि नवी, एक माप जाड खुंटी हातोडीच्या ठोक्यांनीं आंत जाई. दोन तारा तुटल्या. त्यांच्या जागीं नव्या घातल्या. मीं ट्यूनरला विचारलें, जुन्याच मापाची नवी खुंटी कां चालत नाहीं? तो म्हणाला, छिद्र एकदां मोठें झालं कीं जुन्या मापाला तें धरत नाहीं.

हें वाक्य मी घरीं घेऊन आलों. विश्वास एकदां झिजला म्हणजे पहिल्याइतक्या प्रामाणिकपणानें तो भरून येत नाहीं. तेथें पूर्वींच्या मापाहून जाड कांहीं तरी घालावें लागतें. पैसे देऊन मीं तिची नुकसानी भरून दिली, पण त्या दिवशीं मान हालवून मीं जें घेतलें होतें तें पैशाचें नव्हतें, आणि म्हणून तें पैशानें परत जाणारेंही नव्हतें. पुढें मी अधूनमधून तिच्या वर्गाला जात असें. मुलांच्या वह्या बांधून देणें, खुर्च्या मांडणें अशीं कामें करीत असें. त्यानें माप भरलें कीं नाहीं हें सांगण्याचा अधिकार माझा नाहीं.

काम पुरें झालें त्या संध्याकाळीं नव्या ट्यूनरनें जुन्या नोंदीखालीं आपली नोंद लिहिली, आणि तिनें झांकण लावलें. माझ्यानें राहवलें नाहीं. मी म्हणालों, "पुढंमागं हा पियानो विकाल, तेव्हां घेणाराला आधीं ही नोंद दाखवा."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, आणि अगदीं हळू आवाजांत म्हणाली, "काका, हें मला सांगायला हवं होतं का?"